बोहनीचा आकडा

जऊळक्याच्या गोदामातून सकाळची पहिली गाडी पुन्हा परत गेली. कारण दिलं, सोयाबीन ओलं आहे. शेतकऱ्याने मूठभर दाणे मॅनेजर गावंडेंच्या टेबलावर ओतले आणि एक दाताखाली फोडून पाहा म्हणाला. दाणा कडक वाजला. आदल्या सकाळीही असंच झालं होतं, वेगळ्या शेतकऱ्याबरोबर.

हे मला प्रज्ञाने फोनवर सांगितलं. ती इंझोरीची. गोदाम चालवणाऱ्या शेतकरी कंपनीत वर्षाच्या करारावर इंजिनिअर म्हणून लागलेली. गोदामाचं जुनं सॉफ्टवेअर माझं. मी निवृत्त होऊन बराच काळ झाला.

"काका, ओलाव्याच्या टूलमधलं मले सांगायचं काही राह्यलं का?" तिने विचारलं.

"मशीन जुनं झालं असेल," मी म्हणालो.

हे खोटं होतं. तिचा प्रश्न संपायच्या आत मला कारण कळलं होतं.

थोडं समजावून सांगतो. काउंटरवर पूर्वी क्लार्क बसायचा, तिथे आता एआय एजंट आहे. एजंट म्हणजे स्वतः निर्णय घेऊन काम पार पाडणारा प्रोग्राम. त्याच्या हाताशी टूल्स असतात. एक वजन वाचतं, एक पावती काढतं, एक ओलावा सांगतं. कोणतं टूल कधी वापरायचं, हे एजंट त्या टूलच्या डॉक्युमेंटेशनवरून, म्हणजे लिहिलेल्या माहितीवरून ठरवतो. ही माहिती प्रज्ञाने माझ्याकडून घेतली होती. ओलाव्याच्या टूलसमोर मी लिहून दिलं होतं, 'नमुन्याचा ओलावा सांगते.' बस, एवढंच.

आमच्या काळी एवढंही कोणी लिहीत नव्हतं. गरजच वाटायची नाही. एका खोलीत मी, काउंटरवर युसुफभाई, दाराशी हमाल. काही अडलं की मान वळवून विचारायचं. उत्तर यायचं, सोबत अर्धा कप चहा यायचा. सीझनमध्ये तिथे सोयाबीनच्या धुळीचा जो वास असायचा तो मला अजून आवडतो.

युसुफभाईंची एक पद्धत होती. सकाळी उदबत्ती लावायची, डब्यातले मूठभर दाणे यंत्रात टाकायचे, आणि जो आकडा येईल तो कुठेही न लिहिता सोडून द्यायचा. याला ते बोहनी म्हणत. त्यानंतर पहिली गाडी आत. बोहनी झाल्याशिवाय हमाल पोत्याला हात लावत नसत. युसुफभाई निवृत्त झाले, तरी पुढच्या क्लार्कने बोहनी चालू ठेवली. एजंट आल्यावर मात्र डबा अडगळीत गेला.

बोहनीचा आकडा खरा नसायचा, हे फक्त मला ठाऊक होतं. यंत्र थंड असलं की पहिल्या नमुन्याला आकडाच देत नाही. सुरुवातीला तिथे स्क्रीनवर रिकामी जागा दिसायची. तेव्हाचे साहेब शेतकऱ्यांसमोर माझ्यावर ओरडले, पैसे देऊन रिकामी चौकट घेतली का म्हणून. मी प्रोग्राम बदलला. यंत्र गप्प राहिलं तर आदल्या दिवशीचा शेवटचा आकडा दाखवायचा. साहेब खूश झाले. कालचा शेवटचा माल ओला असेल, तर आजची पहिली गाडी परत. पहिल्या सीझनला अशा गाड्या परत गेल्या. सकाळचं यंत्र अशुभ आहे, असं शेतकरी म्हणू लागले. म्हणून युसुफभाईंनी बोहनी सुरू केली. तक्रारी थांबल्या आणि मीही सुटलो.

प्रज्ञाचा फोन ठेवल्यावर मी कारंज्याला युसुफभाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"म्हंजे आपली बोहनी उगीच होती का, साहेब?"

"उगीच नव्हती. तिच्यामुळंच तर सगळं नीट चाललं."

"अन् बोहनीच्या आधी जे लोक वापस गेले, त्यांचं?"

ती माणसं कोण होती, आज कोणीच सांगू शकणार नाही. दुसऱ्या दिवशी मी जऊळक्याला गेलो.

गावंडेंनी एजंट बंद करायचं ठरवलं होतं, म्हणजे प्रज्ञाचा करारही. तिने माहिती अर्धवट लिहिली, असं ते सगळ्या स्टाफसमोर सांगत होते. ती खाली मान घालून ऐकत होती. मी मध्येच बोललो. यंत्र थंड असलं की कालचा आकडा दाखवायचा, ही चूक माझ्या प्रोग्राममधली आहे, पहिल्या वर्षापासूनची आहे, आणि काल फोनवर या मुलीशी मी खोटं बोललो.

गावंडेंनी विचारलं, "मंग इतके वर्षं सांगतलं काहून नाही?"

"चालून जात होतं."

"कायच्या भरवशावर? बोहनीच्या?"

"हो."

मागे एक हमाल हसला. गावंडेंनाही हसू आवरेना. मग गंभीर होऊन म्हणाले, "हे काम ही पोरगीच करन. तुमी तिच्याजवळ बसा, अन् डोक्यात जे जे हाये ते सारं सांगून टाका."

मी खुर्ची ओढून बसलो आणि इशारा लिहायला घेतला. यंत्र थंड असताना पहिला आकडा जुना असतो, त्यावर विश्वास ठेवू नये. प्रज्ञाने वाचलं.

"काका, खोटं बोलनाऱ्या टूलची माहिती कायले लिहून राह्यले? आधी त्याचं खोटं बंद करू, मंग लिहू."

तिने प्रोग्राममधली माझी ती जुनी ओळ काढून टाकली. आता यंत्र गप्प असेल तर टूल स्पष्ट सांगतं, 'वाचन मिळालं नाही.' मग आम्ही माहिती लिहिली. टूल काय करतं, कधी वापरायचं, वाचन मिळालं नाही तर काय करायचं, आणि कोणत्या कारणाने गाडी कधीच परत पाठवायची नाही. एका टूलला अर्धं पान लागलं. तिने बाकीची टूल्सही तपासायला घेतली. माझ्या डोक्यातून आणखी काय काय निघालं, ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्या सकाळी एजंटने पहिल्या शेतकऱ्याला मेसेज पाठवला, यंत्र तापतंय, थोडं थांबा. तो कुरकुरला, फाटकाजवळ विडी ओढत बसला. मग त्याचा माल घेतला गेला. प्रज्ञाचा करार वाढला.

एका खोलीत बसणाऱ्यांना न लिहिलेलंही कळतं, एवढ्यावर मी नोकरी काढली. एजंट त्या खोलीत कधी बसला नव्हता. गाडी घेऊन येणारा शेतकरीही बसला नव्हता. पण त्याच्यासाठी लिहावं, हे मला तेव्हा सुचलं नाही.