चावरी मुलगी आणि भातुकलीतलं बाळ

विश्रांतवाडीतल्या आमच्या बालवाडीत चार वर्षांची एक मुलगी चावायची. चेष्टेत नाही, दात उमटेपर्यंत. तिच्यामुळेच मला 'मुलांच्या भावना ओळखा' या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. तिथून मी कागदी बशांवर रंगवलेले चार चेहरे घेऊन आले. आनंदी, दुःखी, घाबरलेला आणि रागावलेला.

"हे कोण?" रागावलेला चेहरा दाखवत मी वर्गाला विचारलं.

"मोठ्या बाई!" एरवी एका सुरात प्रार्थनाही न म्हणणारा वर्ग एका सुरात ओरडला.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, दारातच उभ्या होत्या. चित्र बऱ्यापैकी जमलं होतं, हे तेव्हा कळलं.

बशा कपाटात गेल्या. दुसऱ्या दिवशी मी भातुकली काढली. चावरी मुलगी लगेच आई झाली आणि मला म्हणाली, "तू बाळ. रड."

बेचाळिसाव्या वर्षी, गुडघेदुखीसकट, मी सतरंजीवर आडवी झाले आणि भोकाड पसरलं. नोकरीत इतकं मनापासून मी दुसरं काही केलेलं नाही.

"का रडतंय माझं बाळ?"

"मला राग आलाय," मी प्रशिक्षणातलं वाक्य फेकलं.

"राग नाही काही." तिने माझ्या तोंडाला रिकामी वाटी लावली. "तुला भीती वाटतीये. सगळ्यांच्या आया आल्या, तुझी नाही आली. येते ती. पण उशिरा येते."

मी रडायची थांबले. "मग बाळ काय करतं?"

"चावतं."

खरंच, तिचं चावणं नेहमी शाळा सुटतानाच व्हायचं. वर्षभर मी त्या वेळी डब्यांची झाकणं शोधत होते.

तिची आई येरवड्याच्या एका दवाखान्यात नर्स होती. त्या दुपारी ती धापा टाकत आली, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे माझीच चूक," ती ताडकन म्हणाली.

"चूक कसली हो? उशीर होणार असेल तर तिला सकाळीच सांगून ठेवा, एवढंच."

ती मुलीसमोर उकिडवी बसली. "मलाही भीती वाटते गं, सिग्नलला अडकले की. तू वाट बघत असशील म्हणून."

मुलीने नीट विचार केला. "मग तू कुणाला चावतेस?"

"चावत नाही. हॉर्न वाजवते."

हे तिला पटलं. पुढच्या आठवड्यात शाळा सुटताना ती शेजारच्या मुलासमोर उभी राहून स्वच्छ आवाजात म्हणाली, "मला आता भीती वाटतीये. मी चावणारे." तो पळाला. मी प्रगतिपुस्तकात 'भावना शब्दांत मांडते' असं लिहिलं. त्या मुलाच्या आईने मात्र वेगळे शब्द वापरले.