‘विवाह ठरला’ कुणी दाबलं

नेवासा फाट्यावर माझा टायपिंग आणि कॉम्प्युटरचा क्लास आहे. आमच्या बौद्ध समाजाचं तालुक्यात एक वधू-वर सूचक मंडळ आहे, त्याची वेबसाइट मी बनवली आणि आजही मीच सांभाळते. या साइटपायी मी एका बाईंवर संशय घेतला होता. त्याला आता दीड वर्ष होईल.

सुरुवात एका फोनने झाली. सकाळची बॅच चालू होती. फोन नगरच्या एका दवाखान्यात नर्स असलेल्या मुलीचा होता. तिचं स्थळ आमच्या साइटवर होतं.

“जयभीम मॅडम. माझं लग्न ठरलंय म्हणे.”

“अभिनंदन,” मी म्हणाले.

“अहो, मलाच विचारायचंय, कुणी ठरवलं? साइटवर माझ्या फोटोवर ‘विवाह ठरला’ अशी पट्टी आलीय. महिनाभर मंडळामार्फत एकही विचारणा नाही, म्हणून मावशीनं उघडून बघितलं.”

मी साइट उघडली. पट्टी होती. काढून टाकली, चुकून झालं असेल म्हणून माफी मागितली आणि विसरून गेले. आठ दिवसांनी पुन्हा तिचा फोन आला. पट्टी परत आली होती. शिवाय घोडेगावच्या एका शिक्षिकेच्या फोटोवरही तशीच पट्टी दिसत होती. चूक एकदा होते. आता मात्र माझ्या मनात पाल चुकचुकली.

साइटवर दुसऱ्याच्या स्थळात असे बदल करू शकणारे, माझ्या समजुतीप्रमाणे, आम्ही तिघंच होतो. मी, मंडळाचे सचिव, आणि बाई. बाई म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. मी स्वतः चौथीला त्यांच्या हाताखाली होते. मोबाईल नीट न वापरणाऱ्या आयाबापांचे फॉर्म त्या विहाराशेजारच्या खोलीत बसून भरून घ्यायच्या आणि साइटवर चढवायच्या. स्थळांचा हा सगळा भाग एका तयार प्लगइनवर चालायचा. प्लगइन म्हणजे साइटला वरून जोडायचा आयता जोड. कुणीतरी बनवून ठेवलेला असतो, आपण घ्यायचा आणि लावायचा. मीही तसाच लावला होता.

मी सचिवांना सांगितलं. त्यांनी मोबाईलवर मुलींची यादी खाली-वर करून पाहिली. मग म्हणाले, “मला न्हाई वाटत ही चूक हाय. बाईंची भाची बी यादीत हाय ना?”

“आहे.”

“तीबी शिकलेली, नोकरीवाली. या दोघींसारखीच. बाकीच्या पोरी बाजूला झाल्या, तर स्थळं कुनाकडं जातील? मी काय म्हनत न्हाई. तुमी बघा.”

मी काय म्हनत न्हाई असं म्हणून ते सगळं म्हणाले होते, आणि मला ते पटलं. ते इतक्या लवकर कसं पटलं याची लाज मला नंतर वाटली. त्या वेळी उलट बाईंच्या जुन्या बोलण्यातून पुरावे सापडू लागले. मागच्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं होतं, “ती नर्स मुलगी अजून यादीत आहे का गं?” मी ‘आहे’ म्हटल्यावर त्या नुसत्या ‘हं’ म्हणाल्या होत्या. तो ‘हं’ आता मला वेगळा ऐकू येऊ लागला. फॉर्म भरताना त्या स्क्रीन जराशी स्वतःकडे वळवून घेत. चष्म्यावर उजेड पडतो म्हणून वळवत असतील, हे मला सुचलंच नाही.

प्लगइनमध्ये कुणी काय बदललं याची नोंद राहत नव्हती. म्हणून मी कुणाला न सांगता नोंद ठेवणारा आणखी एक प्लगइन लावला. आता प्रत्येक बदलासमोर कुणाचं खातं, किती वाजता, हे दिसणार होतं. हे केलं बाईंना पकडण्यासाठीच. पण आणखी एखाद्या मुलीचं नुकसान नको, म्हणून त्याच दिवशी त्यांच्या खात्याचे अधिकारही मी काढून घेतले. लॉगिन होत होतं, पण कुणाचं काही बदलता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. “अगं, मला फॉर्म मंजूर करता येईना. बटणच दिसत नाही. सलाबतपूरहून माणसं आलीत, थांबलीत बिचारी.”

“सर्व्हरचं काम चाललंय बाई. दोन-चार दिवस लागतील.”

“बरं,” त्या म्हणाल्या. मग विचारलं, “सचिवांचंही बंद आहे का?”

“हो, सगळ्यांचंच.”

खोटं बोलणं एवढं सोपं गेलं, कारण समोरचीच लबाड आहे असं मी धरून चालले होते.

चार दिवसांनी पट्टी पुन्हा आली. या वेळी बाईंच्या भाचीच्याच फोटोवर. सचिव म्हणाले, “बघा, संशय येऊ नये म्हनून सोताच्याच भाचीवर लावली.”

“पण बाईंच्या खात्यातून आता काहीच बदलता येत नाही. मी बंद केलंय.”

मग माझ्या डोक्यात दुसरा किडा वळवळला. तिघांतून बाई गेल्या, मी माझी मला माहीत, मग उरलं कोण? बाईंचं नाव पहिल्यांदा काढलं कुणी? समोर बसलेल्या माणसाकडे मी पाहत होते आणि तो माझ्याकडे. मला वाटतं, त्याच्या मनातही तेच चाललं होतं.

त्यांच्यासमोरच मी नोंदी उघडल्या. भाचीच्या नोंदीसमोर ना बाईंचं खातं होतं, ना सचिवांचं, ना माझं. होतं एका साध्या सदस्याचं. एका मुलाचं स्थळ म्हणून कुणीतरी उघडलेलं खातं, ज्याला फक्त स्वतःची माहिती बदलायची मुभा होती.

“असं कसं हुईल?” सचिवांनी विचारलं. मलाही कळत नव्हतं.

क्लासवर येऊन मी एक खोटं स्थळ तयार केलं आणि साध्या सदस्यासारखं लॉगिन केलं. हे मी साइट सुरू करताना करायला हवं होतं. तेव्हा मी सगळं अ‍ॅडमिन म्हणून तपासलं होतं, आणि अ‍ॅडमिनला सगळंच चालतं, त्यामुळे काय चालायला नको ते मला दिसलंच नव्हतं. प्रत्येक सदस्याच्या पानावर ‘माझा विवाह ठरला’ असं बटण होतं. ते दाबलं की ब्राउझरमध्ये वर एक पत्ता यायचा आणि त्याच्या शेवटी त्या स्थळाचा क्रमांक असायचा. मी माझ्या खोट्या स्थळाचा क्रमांक खोडून तिथे यादीतल्याच, सचिवांच्या पुतण्याचा टाकला. पट्टी लागली. ती मी अ‍ॅडमिन म्हणून लगेच काढली.

प्लगइन एवढंच पाहत होता, की मागणारा लॉगिन करून आला आहे का. ज्या स्थळाला तो हात लावतो आहे ते त्याचं आहे का, त्याला तो अधिकार आहे का, हे त्याने कुठेच विचारलं नव्हतं. दुसऱ्याच्या पानावर बटण दिसत नाही म्हणजे ते बंद आहे, असं मी समजत होते. बटण नुसतं लपवलेलं होतं. त्यामागचा पत्ता ज्याला माहीत, त्याला मोकळा होता.

मग मी ‘माहिती बदला’ या पत्त्यावरही तोच प्रयोग केला. एका मुलीचा पूर्ण फॉर्म उघडला. मोबाईल नंबर, घराचा पत्ता, भावाचा नंबर.

तो प्लगइन मी लगेच बंद केला आणि नवीन नोंदणीही थांबवली. जुन्या बॅकअपशी ताडून सगळी स्थळं तपासली. तिघींखेरीज कुणाची माहिती बदललेली दिसली नाही. पण कुणी नुसतं उघडून वाचलं असेल तर ते कळायचा मार्ग नव्हता. प्लगइन बनवणाऱ्यांना मी इंग्रजीत पत्र लिहिलं, काय केलं की काय होतं ते पायरीपायरीने. गावभर बोंबलण्याऐवजी आधी त्यांनाच कळवलं, कारण तोच प्लगइन किती साइटवर असेल कुणास ठाऊक. साइटवर आणखी अकरा प्लगइन होते. त्यातले सात कशाला लावले होते तेच मला आठवेना. ते नुसते बंद न करता पुसून टाकले. उरलेल्या चारांवर साध्या खात्याने तोच प्रयोग केला, त्यांत काही सापडलं नाही.

घरोघरी कळवायचं मी काढलं तेव्हा सचिव अडून बसले. “कशाला बोभाटा? दुरुस्त झालं ना?”

“त्या मुलींचे नंबर कुणी पाहिले असतील, हे त्यांना नको कळायला?”

“लोकं स्थळंच टाकायची न्हाईत पुन्हा.”

“नाही टाकली तर नाही टाकली.”

शेवटी आम्ही दोघांनी वाटून घेऊन फोन केले. काहींनी शिव्या घातल्या. काहींनी काय झालं ते ऐकूनही घेतलं नाही, “बरं बरं” म्हणून ठेवून दिला.

ते सदस्य खातं ज्याच्या नावाने होतं त्या मुलाचा थोरला भाऊ सुप्याच्या एका कंपनीत कामाला होता, आणि खात्यावर मोबाईल नंबर त्याचाच होता. रविवारी आम्ही त्याला विहाराच्या खोलीत बोलावलं. तो आला, आणि आढेवेढे न घेता म्हणाला, “व्हय, मीच केलं.”

“का?”

“भावाला तिघींनी नकार दिला. एकीनं तर भेटायलाच न्हाई म्हनलं. वाटलं, दुसरी स्थळं यायची थांबली तर पुन्हा इचार करतील.”

“आणि त्यांचे नंबर, पत्ते?”

“ते न्हाई बघितलं. मला म्हाईतच नव्हतं ते दिसतं म्हनून.” मग माझ्याकडे पाहून तो म्हणाला, “मी कुलूप न्हाई तोडलं मॅडम. आकडा बदलला, झालं. साइटनं अडवलं असतं तर मी काय करनार हुतो?”

“अडवलं नाही ही माझी चूक,” मी म्हणाले. “आकडा बदलला ही तुमची.”

त्याने लेखी कबुली दिली. ती आम्ही तिन्ही घरांना दाखवली, पोलिसांत जायचं असेल तर सोबत येऊ असंही सांगितलं. कुणी गेलं नाही. नर्सने मात्र तिचं स्थळ कायमचं काढून घेतलं. “मॅडम, तुमचा राग नाही,” ती म्हणाली, “पण आता नको.”

बाईंकडे जायला मला त्यानंतरही तीन दिवस लागले. त्या ज्वारी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. सर्व्हरचं खोटं होतं तेही.

“मला कळलं होतं,” त्या म्हणाल्या. “सचिवांनी त्याच दिवशी दोन फॉर्म चढवले होते. मी बघितले.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू विचारशील म्हणून थांबले होते. तू चौथीत असताना वर्गात काही हरवलं तर मी कुणाचं दप्तर आधी तपासायचे का? सगळ्यांना विचारायचे.” त्यांनी खडा बाजूला टाकला. “भाचीचं तर तिलाच ठरवायचंय. मी तिच्यासाठी कुणाचं नाव पुसेन असं वाटलं तुला?”

मी ‘चुकलं’ म्हणाले. त्या ‘हो’ म्हणाल्या. पुन्हा ज्वारी निवडू लागल्या. चहा मीच केला.

काही आठवड्यांनी प्लगइनची दुरुस्त आवृत्ती आली. ती मी आधी साइटच्या वेगळ्या नकलेवर लावून पाहिली. दुसऱ्याचा क्रमांक टाकला की आता ‘परवानगी नाही’ येत होतं. मग बाईंना त्यांचे अधिकार परत देते म्हणून फोन केला.

“अधिकार नकोत मला,” त्या म्हणाल्या. “साधं खातं दे. कुणाचं काय उघडतंय ते मी बघत जाईन. तुला तुझीच चूक दिसत नाही.”

हे त्यांनी टोचून म्हटलं की सरळ, ते मला आजही सांगता येणार नाही. पण साइटवर नवीन काही लावलं की आधी नकलेवर लावून मी त्यांना कळवते, आणि त्या दुपारी जेवण झाल्यावर बसून एकेक आकडा बदलून पाहतात. मागच्या महिन्यात मी मेळाव्याच्या फोटोंसाठी एक प्लगइन लावला होता. तासाभरात बाईंचा फोन आला. “तुझ्या सगळ्या फोटोंखाली मला ‘काढून टाका’ दिसतंय. एक काढून पाहिला. गेला.”

तो प्लगइन मी त्याच दुपारी पुसून टाकला.