वडनेरचे अँपिअरबुवा

अँपिअरबुवांनी उभ्या जन्मात कोणाला "कसं काय, बरं आहे ना?" असं विचारलं नसेल. रस्त्यात माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला, "मोटर किती अँपिअर खाते तुमची?" ज्याच्याकडे मोटर नसेल त्याला पंख्याचं विचारायचे. पंखाही नसेल तर काय बोलावं हे बिचाऱ्यांना सुचायचं नाही, मग नुसते हसायचे.

वडनेरच्या बस स्टँडमागे त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. शिक्षण सातवीपर्यंत, काम नागपुरात शिकलेले. खांद्याच्या पिशवीत टाँग टेस्टर कायम असायचा. त्याच्या पक्कडीसारख्या तोंडात तार धरली की तिच्यातून किती करंट वाहतो ते दिसायचं. एकदा पुतण्यासाठी मुलगी पाहायला सिंदीला गेले. पोहे आले, मुलगी आली, आणि हे टेबलफॅनकडे टक लावून बसलेले. शेवटी म्हणाले, "हा पंखा करंट जास्त घेऊन राह्यला. बेअरिंग पाहून घ्या." लग्न जमलं, पण विहीणबाई पुढे कितीतरी वर्षं ती गोष्ट चवीनं सांगत.

कोणी नवी इस्त्री आणली की ती आधी बुवांच्या दुकानात जायची. डब्यावर हजार वॉट छापलेलं असो नाहीतर आणखी काही, बुवा मोजायचे. "दोनशे तीस व्होल्ट, सव्वातीन अँपिअर. गुणा. साडेसातशे झाले. अन् भागलं तं रोध सत्तर ओहम. छापणाऱ्याचं काय जाते?" माणूस हिरमुसला की वर समजूत घालायचे, "कपडे तं निघतेच ना कडक. मंग?"

आणीबाणी उठली त्या सुमारास मी लग्न होऊन वडनेरला आले आणि तिथल्याच शाळेत विज्ञान शिकवू लागले. आमच्या मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, बीएस्सी सुनेचं भारी कौतुक. खताचं प्रमाण असो की टाकीचं माप, ओसरीतूनच हाक यायची, "सूनबाई, एवढा हिशेब पाहून दे बरं." माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं, खोटं कशाला सांगू.

त्या हिवाळ्यात गहू ओंबीवर आला आणि व्होल्टेज पडलं. मोटरच्या थ्री-फेज लाइनवर चारशे पंधरा व्होल्टच्या जागी तीनशे वीस. विहिरीवरची मोटर सुरू केली की थोड्या वेळात स्टार्टर पडून ती बंद व्हायची. मामाजींनी मला विचारलं. मी ऐटीत कागद घेतला. चारशे पंधरा भागिले मोटरच्या पाटीवरचे साडेसात अँपिअर, म्हणजे रोध पंचावन्न. आता तीनशे वीस भागिले पंचावन्न, सहासुद्धा नीट भरत नाहीत. "करंट तर कमीच होतोय, मामाजी. मोटरला धोका नाही. स्टार्टरच बिघडलाय," मी सांगून मोकळी झाले.

आमच्याकडे बिघडलेल्या स्टार्टरवर एकच औषध. ह्यांनी बटण दाबलं आणि ते वर येऊ नये म्हणून लाकडाची पाचर ठोकली. दुपारपर्यंत मोटर जळाली.

बैलगाडीतून ती दुकानात नेली तेव्हा मीही गेले. बुवांनी ती उघडली, वास घेतला. तिन्ही फेजचं वाइंडिंग काळंठिक्कर. "पाचर कोणाच्या हुकमानं ठोकली?" त्यांनी विचारलं. हे म्हणाले, "माझ्याच." मला राहवलं नाही. कागद पुढे केला आणि म्हटलं, "हिशेब माझा होता."

बुवांनी तो शांतपणे वाचला. "भागाकार चुकला नाई, बाई. पण हा हिशेब हीटरचा आहे. हीटरले व्होल्टेज कमी भेटलं तं तो कमी तापते, अन् करंटही कमी घेते. मोटरले तं विहिरीतलं पाणी वर चढवाचंच आहे. ताकद जवळपास तेवढीच लागते. व्होल्टेज कमी आलं तं ते अँपिअर जास्त खाते. इथं भागाचं नव्हतं, गुणाचं होतं. स्टार्टर खरं सांगून राह्यला होता." आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच जास्त लागलं.

बुवांनी दोन दिवस दुसरं काम हातात न घेता मोटर नव्या तारेनं भरून दिली. गहू निम्मा वाचला. मामाजी मला एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त ओसरीतून हाक यायची बंद झाली. टाकीचं माप ते शेजारच्या ग्रामसेवकाला विचारू लागले. शाळेत फळ्यावर साधं सूत्र लिहिलं तरी मी ते पुस्तक उघडून पडताळायची. बोलले असते तर बरं झालं असतं, असं रोज वाटायचं.

पुढच्या वर्षी लांबच्या विहिरीवर केबल न्यायची ठरली. एक दिवस मामाजी बुवांकडून परत आले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळले. "बुवा म्हणते, लांबीपायी वाटेत किती व्होल्ट मरते हा हिशेब त्याले जमत नाई. तुमच्या सुनेलेच विचारा म्हणते." मी पोळी तव्यावरच टाकून उठले. वायरचा रोध काढला, अँपिअरने गुणला, तीनदा तपासला, आणि नेहमीपेक्षा एक माप जाड केबल सांगितली. तीच आणली. हाका पुन्हा सुरू झाल्या.

बुवांना मी कधी काही विचारलं नाही. भेटले की ते मोटरचे अँपिअर विचारायचे, मी सांगायची.

ते गेले तेव्हा मामाजी बरेच थकले होते, तरी मोक्षधामापर्यंत चालत गेले. परत आल्यावर अंगणात आंघोळीला बसले. मी पाणी देत होते. दोन तांबे झाल्यावर खाली मान घालूनच म्हणाले, "त्या केबलचा हिशेब बुवाले येत होता, सूनबाई."

मी म्हटलं, "माहीत आहे, मामाजी."

"मलेही तवाच माहीत होतं," ते म्हणाले. "पण तुले हाक मारासाठी मले काही तरी पाहिजे होतं."