बेचक्यातली गाठ

माझी थोरली जाऊ गुणवंती. गुहागरच्या अंगाला आमचा खारवीवाडा, तिथं गंडमाळेवर तिच्यासारखा हात कुणाचा नव्हता. गळ्याच्या गाठी बोटांनी चाचपायची, लेप घालायची, नाहीच दबल्या तर बिब्ब्याचा चटका द्यायची. तोंडाची महा फटकळ, पण गाठ बसवायचीच.

मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी तिच्या राहीच्याच गळ्याला माळ उठली. एकुलती पोर. गुणवंतीनं पावसाळाभर लेप घातले, गळा साफ केला आणि वाडीभर गूळ-खोबरं वाटलं.

दिवाळीपासून पोरीला ढास लागली. कोरडी, कुत्रं भुंकल्यागत. श्वास घेताना शीळ वाजायची. मी म्हटलं, "वैनी, हिला रत्नागिरीला नेऊया." तर माझ्यावरच खेकसली, "गळ्यात गाठ कुठाय? दाखव!" शेवटी राहीच्या बापानंच आम्हाला मचव्यात बसवलं.

डॉक्टर भला माणूस. पाठीला कान लावून बराच वेळ ऐकत राहिला. मग पोरीच्या पाठीवरच बोट फिरवत म्हणाला, "बाई, गळ्याच्या गाठी वरच्या. छातीत त्यांचे आणखी जथे असतात. हे श्वासनळीच्या दोन्ही अंगांना. हा नळीला दोन फांद्या फुटतात त्या बेचक्यात. आणि हे खाली, फुप्फुसांच्या देठांशी. हिचा बेचक्यातला सुजलाय, नळी दाबतोय."

"मग लेप कुठं लावू?"

"तिथं हात पोचत नाही, बाई. तुमचा नाही, माझाही नाही. दूध द्या, उघड्या हवेत निजवा."

येताना मचव्यात गुणवंती बोटानं आपल्याच मांडीवर काहीतरी रेघोट्या ओढत होती. मला वाटलं, रडू गिळतेय बिचारी.

पुढं मी चार दिवस माहेरी गेले होते. परत येऊन बघते तर पोर पालथी पडलेली, पाठीवर बिब्ब्याचे चटके! "अगो, काय केलंस हे?"

"आता जागा ठाऊक झालीय," गुणवंती म्हणाली. "बसत कशी नाही, बघतेच."

खोकला आला की पोरीच्या पाठीचे फोड फुटायचे. पाठ टेकता येईना, श्वास पुरेना. शिमग्याआधीच गेली बाय माझी.

शेवटची आंघोळ घालताना पाठ उघडी झाली. दोन अंगांना दोन डाग, मध्ये एक, खाली दोन. डॉक्टरचं बोट फिरलं होतं अगदी तसेच. गुणवंती ओल्या हातानं ते चाचपत राहिली.

"कमळे, तू होतीस ना तिथं? सांग गो, जागा चुकली का माझी?"

"नाही वैनी," मी म्हटलं. "जागा बरोबर होती."