फर्दापूर केलेल्याला दुसऱ्या दिवशी सुट्टी

आमच्या समोरच्या घरातल्या काकांइतका न्यायी माणूस अख्ख्या संभाजीनगरात सापडणार नाही, आणि एकाच्या न्यायीपणाने इतकी माणसं वैतागलेलीही कुठे सापडणार नाहीत. काकांनी तीस वर्षं बसडेपोत ड्यूट्या लावल्या. उद्या कोणता ड्रायव्हर कोणत्या गावाला जाणार, मुक्कामी कोण राहणार, सुट्टी कोणाची, स्पेअर म्हणून डेपोत कोण बसणार, हे सगळं त्यांच्या तक्त्यावर ठरायचं. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल आणि नारळ मिळाला, तक्ता मात्र डोक्यातच राहिला. तेव्हापासून त्यांच्या घरात पंख्यांनाही पाळ्या आहेत. हॉलमधला सोमवार-बुधवार-शुक्रवार, आतला मंगळवार-गुरुवार-शनिवार. रविवारी दोन्ही पंख्यांना आराम आणि माणसांना घाम. कॉलनीत दोन न्हावी, म्हणून एक महिना हा आणि एक महिना तो. दोघांच्या हाताचं वळण वेगळं असल्यामुळे काकांचं डोकं वर्षभर कोणत्या ना कोणत्या बाजूला कललेलं दिसतं. देव्हाऱ्यातले देवसुद्धा पुढच्या रांगेत आळीपाळीने येतात. "मागं बसून बसून त्यान्लाबी वाईट वाटत असंल की," हे त्यावर स्पष्टीकरण. काकू एकदा म्हणाल्या, "सगळ्या मराठवाड्याच्या ड्यूट्या बदलल्या ह्यांनी. मी छत्तीस वर्षं त्याच चुलीपुढं उभी!" काकांना ते एकदम पटलं. त्या आठवड्यापासून गुरुवारी काकूंची सुट्टी असते आणि गुरुवारी आमच्या गल्लीत पिठलं करपल्याचा वास येतो.

असा माणूस फुटबॉलमध्ये आला तो निव्वळ एका अर्जामुळे. आम्हा मुलींच्या टीमला शिकवणारे सर नोकरीसाठी पुण्याला गेले आणि स्पर्धेच्या अर्जावर कोणातरी मोठ्या माणसाची सही हवी होती. काका मैदानाच्या कट्ट्यावर शेंगा खात बसले होते. त्यांनी सही केली, चष्मा वर केला आणि बाजूला बसलेल्या चार राखीव मुलींकडे बोट दाखवून विचारलं, "ह्या कोण? स्पेअर?" गोलकीपर रुखसाना म्हणाली, "हाँ काका, कोई गिरा तो इनकू लेते." काका उठून उभे राहिले. "आणि कोणी पडलंच नाही तर? हंगामभर बसून राहायचं व्हय? अगं, आठ दिवस स्पेअर ठेवलेला ड्रायव्हर रस्ता विसरतो!" ऑफसाइड म्हणजे काय हे त्यांना त्या दिवशी माहीत नव्हतं, आजही त्यांचं त्याबद्दल स्वतंत्र मत आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानाच्या फाटकावर तक्ता लागला होता.

तक्त्यात प्रतिस्पर्ध्यांची नावं नव्हती, गावांची होती. सोपी टीम म्हणजे 'करमाड': गेलं आणि आलं. धक्काबुक्की करणारी टीम म्हणजे 'पाचोड, बाजाराचा दिवस'. आणि छावणी भागातल्या मुलींच्या टीमसारखी जीव काढणारी टीम म्हणजे 'फर्दापूर': लांबचा पल्ला, घाट आणि वर मुक्काम. नियम दोनच. फर्दापूर केलेल्याला दुसऱ्या दिवशी सुट्टी. आणि हंगामात प्रत्येकीच्या वाट्याला एकदा तरी फर्दापूर आलंच पाहिजे. रुखसाना पहिल्याच आठवड्यात भांडायला गेली. "काका, मय थकीच नै ना, फिर छुट्टी कायकू?" काका शांतपणे म्हणाले, "थकल्यावर सुट्टी देतो तो डॉक्टर. थकायच्या आधी देतो तो डेपोवाला." मग ते रोज सकाळी मोबाइलवर युरोपातल्या मॅचेसचे तुकडे बघायला लागले आणि तिथल्या मॅनेजरांवर आमच्यासमोर चिडायला लागले. कोट्यवधींच्या टीमचा मॅनेजर तेच अकरा जण तिसऱ्यांदा उतरवतो म्हटल्यावर त्यांना चहा जात नसे. "चांगला बैल लवकर मरतो, कारण सगळे त्यालाच जुंपतात. ह्या गोऱ्याला एक महिना माझ्या डेपोत बसवा, सुधारतो का नाय बघा!"

मला हे सगळं मनापासून पटत होतं, हे इथं स्पष्ट लिहिलं पाहिजे. आमच्या घरात भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त. बाबा प्रत्येक सभेतून पत्रकांचा गठ्ठा आणायचे, आणि मी अक्षरं शिकले ती 'जाहीर निषेध' या शब्दांवरून. तेव्हा कॉलनीतले लोक काकांच्या तक्त्याला हसायला लागल्यावर मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. 'राखीव बाक हा अन्याय आहे!' या मथळ्याचं पत्रक मी लिहिलं, छापून घेतलं आणि दारोदार वाटलं. मूठभरांनी खेळायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या ही व्यवस्था मोडून काढण्याचं त्यात आवाहन होतं. काकांनी ते दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "बराबर लिहिलंय. पण एवढं रागावून कशाला? तक्ता लावला की झालं."

त्या हंगामाच्या स्पर्धेत मॅचेस लागोपाठच्या दिवशी होत्या. आम्ही एक करमाड आणि एक पाचोड करून उपांत्य फेरीत आलो आणि समोर छावणीच्या मुली आल्या. जादा वेळ झाला, मग पेनल्ट्या झाल्या आणि आम्ही जिंकलो. बाकीच्या आळीपाळीने थोडा वेळ बाहेर बसल्या होत्या, गोलकीपर सोडली तर पूर्ण वेळ मैदानात पळाले ती मी एकटीच. दुसऱ्या दिवशी दुपारी फायनल, जालन्याच्या टीमबरोबर. सकाळी फाटकावर तक्ता बघितला तर माझ्या नावापुढे सुट्टी, आणि माझ्या जागी वर्षा.

वर्षा टीममधली सगळ्यात हळू पळणारी मुलगी. चेंडू आला की ती आधी त्याला जागा द्यायची. पण सरावाला एक दिवस चुकली नाही. तिने आजवर फक्त करमाडं केली होती. फर्दापूर म्हणावं असं तिच्या नावापुढे हे पहिलंच. तिची आई शेंद्र्याकडच्या कंपनीत कँटीनला आहे. पोरगी फायनल खेळणार म्हणून तिने अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली होती.

टीमने मला घेरलं. "तू बोल काकांशी. तेरीच सुनते वो," रुखसाना म्हणाली. मी नाही म्हणायला हवं होतं. मी गेले. काकांपुढे उभी राहून मी दहा मिनिटं बोलले: तत्त्व योग्यच आहे, पण परिस्थिती अपवादात्मक आहे, व्यापक हितासाठी कधीकधी एक पाऊल मागे घ्यावं लागतं, करंडक मिळाला तर तक्त्याचीच प्रतिष्ठा वाढेल. इतकं सफाईदार मी पत्रकातही लिहिलं नव्हतं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "थकली नाय ना तू?"

"अजिबात नाही."

"व्हय. थकलेला ड्रायव्हरबी असंच म्हणतो." मग ते तक्त्याकडे वळले. "सगळ्या पोरींचं हेच म्हणणं आहे?"

"सगळ्यांचं."

"वर्षाला विचारलं?"

तिला विचारलं नव्हतं. काकांनी खिशातून लाल पेन्सिल काढली आणि ओळ खोडली. तीस वर्षांत वशिल्यासाठी, साहेबाच्या फोनसाठी, कोणासाठीही त्यांनी लावलेली ड्यूटी बदलली नव्हती. वर्षाला सांगायला ते स्वतःच गेले. मी लांबून बघत होते. तिने मान हलवली, "बरं, काका" म्हणाली, आणि पाण्याच्या बाटल्या भरायला गेली.

फायनलमध्ये आम्ही लवकर एक गोल केला, आणि नंतर माझे पाय संपले. पोटऱ्यांत गोळे आले. काकांनी रेषेपाशी येऊन मला दोनदा हाताने खूण केली: येतेस का बाहेर? वर्षा त्यांच्या शेजारी बूट बांधून उभी होती. मी दोन्ही वेळा न बघितल्यासारखं केलं. नंतर मी चिडून विचारलं, मला सरळ ओढून बाहेर का नाही काढलं? तर म्हणाले, "चालू गाडीतून ड्रायव्हर उतरवत नसतात बाई. त्यानंच गाडी बाजूला घ्यायची असती." मी घेतली नाही. शेवटच्या मिनिटांत जालन्याची एक मुलगी माझ्याजवळून निघून गेली, मी पळू शकले नाही, म्हणून तिला पाडलं. पेनल्टी. रुखसानाने ती कशी अडवली हे तिलाही सांगता येत नाही, उठल्या उठल्या ती माझ्यावर ओरडली, "काका सच बोलते थे, तू थक गई थी ना गे!" आम्ही जिंकलो. काकांचं म्हणणं माझ्या पायांनी खरं करून दाखवलं होतं आणि करंडक तरीही माझ्या हातात होता. अशा वेळी काय वाटून घ्यायचं हे एकाही पत्रकात लिहिलेलं नाही.

आता नवा हंगाम सुरू झाला आहे. फाटकावर पुन्हा तक्ता आहे, आणि पहिल्याच मॅचला छावणीविरुद्ध काकांनी वर्षाला उतरवलं. आम्ही तीन गोलांनी सपाटून हरलो. काका इतके खूश होते की त्यांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला आणि रसवाले दोन असल्यामुळे अर्धी टीम रस्त्याच्या पलीकडे पाठवली. झाल्या गोष्टीबद्दल ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर मी वाद घातला असता, आणि वाद घालायला मला बरं वाटलं असतं.

फायनलनंतर काढलेला टीमचा फोटो आमच्या हॉलमध्ये लावलेला आहे. मी मधोमध, करंडक उंच धरलेली, सगळ्या जणी ओरडताहेत. बाबा पाहुण्यांना तो कौतुकाने दाखवतात. पाहुण्यांचं लक्ष मागे जात नाही. मागे, रिकाम्या झालेल्या मैदानाच्या पार टोकाला तीन माणसं आहेत. गोलमध्ये काका, दोन्ही हात पसरून, गुडघ्यात वाकून उभे. गोलच्या मागे, चेंडू परत द्यायला, डबा हातात धरलेली वर्षाची आई. आणि समोर वर्षा, एक पाय अजून वर उचललेला. चेंडू हवेत आहे. तो आत गेला की काकांनी अडवला, हे तिला विचारायचं माझं अजून राहिलं आहे.