लॅमिनेशनमधली म्हैस

आमच्या घरात लॅमिनेशन न झालेली एकच वस्तू उरली आहे, ती म्हणजे मी. आधार कार्ड, रेशन कार्ड, गॅसचं कार्ड, हे समजू शकते. पण माझ्या नवऱ्यानं देवघरातली आरती, डॉक्टरांची चिठ्ठी, इतकंच काय, फ्रिजची वॉरंटीसुद्धा प्लॅस्टिकमध्ये बंद करून ठेवली आहे. तो फ्रिज भंगारात जाऊन सात वर्षं झाली. आयुष्यभर सरकारी खात्यात फायली सांभाळून निवृत्त झालेला माणूस, उघडा कागद दिसला की त्यांना चैन पडत नाही. इतकी वर्षं मी त्यांना हसत होते. मागच्या हिवाळ्यात हसणं बंद झालं.

मी बत्तीस वर्षं बालवाडी चालवली. कातरकाम, चिकटकाम हातात मुरलेलं. निवृत्त झाल्यावर सावेडीतल्या फ्लॅटमध्ये दिवसभर करायचं काय, म्हणून मी ग्रीटिंग कार्डं करायला लागले. साधी नाहीत, उठावाची. एकाच चित्राचे पाच रंगीत प्रिंट काढायचे. पहिला अख्खा जाड कार्डशीटवर चिकटवायचा. दुसऱ्यातून आभाळ कापून टाकायचं, तिसऱ्यातून लांबची झाडं, असं करत करत पाचव्यात अगदी पुढ्यातली वस्तू तेवढी उरते. मग प्रत्येक थराखाली फोमटेपचे हरभऱ्याएवढे तुकडे लावून एकावर एक बसवायचे, म्हणजे चित्र कागदातून वर येतं. कापलेल्या कडा पांढऱ्या दिसतात, त्यांच्यावरून स्केचपेन फिरवायचं. पानं चमच्याच्या पाठीनं घासली की त्यांना गोलाई येते. एका कार्डाला तीन-चार दुपारी सहज जातात.

आणि बघणारा बघून म्हणतो काय, तर "चित्र छापीलच आहे की!" शेजारीण म्हणाली, भिशीतल्या बायका म्हणाल्या, माझी सख्खी बहीणसुद्धा म्हणाली. अगं बायांनो, तुम्ही दुकानातून मशीनच्या शेवया आणता आणि खीर करता, तेव्हा ती खीर मशीननं केली असं म्हणता का? मी हे तोंडावर विचारलं. भिशीत त्यानंतर कार्डाचा विषय निघाला नाही.

पण ज्या कार्डाबद्दल सांगायचंय ते माझ्या थोरल्या जाऊबाईंचं. त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो. त्या काष्टीला, आमच्या मूळ घरी असतात. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा मला बालवाडीची नोकरी नुकतीच लागली होती आणि सासूबाईंना ती नको होती. अक्का तिसरी शिकलेल्या. चुलीपुढून मान वर न करता म्हणाल्या, "जाऊ द्या तिला. तिच्या वाटच्या भाकरी मी थापते." आणि अकरा वर्षं थापल्या. माझी दोन्ही पोरं त्यांच्याच हातची न्हाली. माझ्या पेन्शनमध्ये अर्धा वाटा अक्कांचा आहे, असं मी म्हणते आणि ते खरं आहे.

शुगरनं अक्कांचे डोळे गेले. आधी सुई दिसेना, मग माणसं, आणि आता तीन वर्षं झाली, काहीच नाही. त्या हिवाळ्यात त्यांना पंचाहत्तर पूर्ण होणार होती. पुतण्यानं, म्हणजे त्यांच्या मुलानं, मोठा कार्यक्रम ठरवला. मंडप, जेवणावळ, पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळणं. मी फोनवर त्याला सांगितलं की मी अक्कांसाठी हातानं ग्रीटिंग करून आणतेय. तो हसला.

"काकू, आईला कुठं दिसतंय आता? ग्रीटिंग कशाला आनताय? येतानी खव्याचे पेडे आना."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कारण ह्याच गृहस्थानं वेशीत अठरा फुटी फ्लेक्स लावला होता. मला त्याचा फोटो मोबाईलवर आला होता. मधोमध अक्का हात जोडून, वर ह्याचा गॉगल घातलेला चेहरा अक्कांपेक्षा मोठा, आणि खाली शुभेच्छुकांची बावीस मुंडकी. तो फ्लेक्स अक्कांना दिसणार होता का? पण फ्लेक्स कशाला, असं कुणी कुणाला विचारलं नाही. आंधळ्या बाईच्या वाढदिवसाला डोळसांची चैन चालते, बाईच्या हातात काही द्यायचं म्हटलं की मात्र हिशेब सुचतो. जखम मांडीला आणि मलम शेंडीला!

मी ठरवलं, त्या सगळ्या कार्यक्रमात एक तरी वस्तू अशी असेल जी फक्त अक्कांना कळेल. बोटांना कळेल असं कार्ड.

दिवाळीत मी काष्टीच्या घराचा फोटो काढला होता. अंगण, ओसरी, उंबरा, बाजूला गोठा आणि त्यात म्हैस. त्याचेच पाच प्रिंट काढले. पण नुसता कागदाचा उठाव बोटांना पुरत नाही, हे मला डोळे मिटून चाचपल्यावर कळलं. म्हैस कुठली आणि गव्हाण कुठली ते मलाच ओळखू येईना. सगळं उचकटलं आणि पुन्हा बसले. छपराच्या पत्र्याला खोक्याचा नालीदार पुठ्ठा लावला. दाव्याला सुतळी. तुळशीच्या कट्ट्याला चाळलेली वाळू. म्हशीसाठी जुन्या ब्लाऊजची काळी मखमल कापली आणि शिंगांना लवंगा लावल्या, बाकदार निवडून निवडून. सव्वा महिना लागला. मान आखडली, पण शेवटी डोळे मिटून बोट फिरवलं की उंबऱ्यापासून म्हशीपर्यंत वाट सापडत होती.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी आंघोळीला गेले. केस पुसत बाहेर येते तर हे दारातून आत येत होते, हातात कार्ड. चकाकत होतं.

"लॅमिनेट करून आणलं," हे म्हणाले. "रस्त्यात धूळ बसली असती. जाड होतं म्हणून मशीनमध्ये जाईना, मग दुकानदारानं चांगलं दाबून बसवलं आणि दोनदा काढलं. आता पन्नास वर्षं काही होत नाही त्याला."

मी कार्ड हातात घेतलं. फोम उष्णतेनं चपटा झाला होता. पुठ्ठ्याच्या नाल्या बसल्या होत्या. लवंगांचा चुरा झाला होता आणि मखमलीची म्हैस प्लॅस्टिकखाली डांबराच्या डागासारखी पसरली होती. वरून सगळं काचेसारखं गुळगुळीत.

मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. बेचाळीस वर्षांत बोलले नव्हते इतकं बोलले. ते बिचारे गोंधळून एकच म्हणत राहिले, "अगं पण चित्र स्पष्ट दिसतंय की!"

दिसतंय! हाच तर सगळा घोळ होता.

दुसरं काही करायला वेळ नव्हता. गेलो. मंडपात अक्का नव्या नऊवारीत खुर्चीवर बसल्या होत्या. शाली, नारळ, भाषणं झाली. दोन भाषणांत त्यांचं नाव यायचंच राहिलं आणि पुतण्याचं तेवढं आलं. माझी पाळी आली तेव्हा मी ते कार्ड त्यांच्या हातात दिलं. दुसरं देणार काय? त्यांनी दोन्ही हातांनी चाचपलं, उलटं करून चाचपलं.

"काय हाय गं ह्ये?"

"आई, काकूनं ग्रीटिंग केलंय तुला," पुतण्या माईकवरून म्हणाला. टाळ्या झाल्या.

"लई छान हाय," अक्का म्हणाल्या. "ताटावानी गुळगुळीत हाय." आणि कार्ड मांडीवर ठेवून पुढच्या शालीसाठी मान वाकवली. त्या मला वाईट वाटू नये म्हणून बोलत होत्या. ज्या बाईचा दिवस होता, तीच इतरांची मनं सांभाळत होती. मला मंडपातच रडू आलं, आणि ते रागाचं होतं.

पाहुणे पांगल्यावर मी त्यांना आतल्या खोलीत नेलं. कात्रीनं प्लॅस्टिक कापायला गेले तर निम्मं घर प्लॅस्टिकला चिकटून निघालं. मग कात्री टाकून मी सगळं सांगून टाकलं. पत्रा कसा केला होता, दावं कसं केलं होतं, म्हशीला मखमल आणि लवंगांची शिंगं. अक्का आधी ऐकत होत्या, मग हसायला लागल्या. डोळ्यांना पदर लावून हसल्या.

"अगं, म्हशीला रोज हात लावती मी. उंबऱ्याला रोज ठेचकाळती. ह्या घराची कड न् कड हातानं ठावं हाय मला. तू आनी परत घरच केलंस व्हय माझ्यासाठी?"

मी विचारलं, "मग काय करायला हवं होतं, अक्का?"

त्यांना उत्तर शोधावं लागलं नाही. "डोंगर," त्या म्हणाल्या.

त्यांचं माहेर पारनेर तालुक्यात. गावामागं डोंगर आहे. "एष्टीनं निघालं की वळनावर दिसायचा. त्यो दिसला की पदर सारका करायचा, पिशव्या गोळा करायच्या. आता गाडी थांबल्यावर कळतं, आलं म्हनून." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्याला दोन टोकं हुती का तीन, लई दिस आठवती बग. ध्यानातच येईना. कुनाला इचारू? म्हनतील, म्हातारीला डोंगर कशाला."

सव्वा महिना मी पुतण्यावर चिडत होते, भिशीवर चिडत होते, आणि शेवटी नवऱ्यावर. अक्कांना काय हवंय हे मीही फोन उचलून एकदा विचारलं नव्हतं. बायकोमाणसाला घर द्यावं, एवढंच मला सुचलं होतं. माझी मलाच चीड आली.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं स्कूटरवर पारनेरकडे निघालो. हे प्रायश्चित्त घेतल्यासारखे मुकाट चालवत होते. वळण आलं, यांनी गाडी थांबवली. डोंगर होता. एक टोक होतं. त्याच्या शेजारी मात्र उतार नव्हताच, वरपासून खालपर्यंत सरळ उभी पांढरी भिंत होती, आणि खाली डंपर रांगेनं उभे होते. चहाच्या टपरीवरच्या म्हाताऱ्याला विचारलं.

"दोन हुती की टोकं. बारकं खडीत गेलं. चार सालं झाली असतील."

"आणि गावानं जाऊ दिलं?" माझा आवाज चढला होता.

त्यानं माझ्यापुढे चहा ठेवला. "बाई, आमी बी त्याच रस्त्यानं येतो-जातो," तो म्हणाला. "खडी बी त्याच रस्त्यावर पडली."

मी चिडून पाच फोटो काढले. परतताना हे पहिल्यांदाच बोलले, "दोन टोकांचाच कर. वहिनींना कुठं कळणार आहे?" मी ताडकन काहीतरी लागट बोलणार होते. पण खरं सांगते, त्या वळणापासून माझ्याही मनात तेच घोळत होतं. दुसरं टोक टपरीवाल्याला विचारून विचारून पुठ्ठ्याचं करता आलं असतं. म्हणून मी घरी पोचल्या पोचल्या काष्टीला फोन लावला.

"अक्का, दोन टोकं होती. धाकटं आता नाही. खडीसाठी कापून नेलं." मग मी विचारलं, "कसा करू? होता तसा, का आहे तसा?"

"हाय तसा कर," त्या म्हणाल्या. "लबाडी नगं."

या वेळी फोमटेप वापरला नाही, पुठ्ठ्यावर पुठ्ठा चढवला, म्हणजे कुणी दाबलं तरी बसायला नको. डोंगराला उताराच्या घड्या चमच्यानं उठवल्या, वरून वाळू आणि वाळलेलं गवत. तुटलेल्या बाजूला मात्र माझी कात्री चालेना. कात्री कुठंही थोडी वळतेच. तिथं स्टीलची पट्टी धरून ब्लेड ओढावं लागलं.

कार्ड घेऊन मी एकटीच काष्टीला गेले. अक्का ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी पायथ्याला बोट लावलं आणि सावकाश चढवायला लागल्या. टोकावर पोचल्यावर म्हणाल्या, "व्हय, ह्योच गं, ह्योच." मग पलीकडच्या बाजूनं खाली उतरल्या, खिंडीत थांबल्या, पुढं सरकल्या आणि बोट एकदम खाली घसरलं. परत मागं आणून पुन्हा पुढं नेलं. पुन्हा घसरलं. त्या सरळ कडेवर त्यांनी बोट ठेवून दिलं.

मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. पंचाहत्तर वर्षांची ती बाई माझ्याकडे तोंड वळवून, जणू मीच कापून नेलं होतं अशा आवाजात म्हणाली, "कुनाला इचारून तोडला गं?"