स्वाराची मांडी

"मग काय, उडी मारून दाखवू?"

"उडी नको. पाय फाकवून दाखवा. तेवढंच बास."

"पोरीसमोर काहीही बोलतेस."

"पोरीला सगळं ठाऊक आहे. लाजून लाजूनच तर ही वेळ आणलीत."

शिवणकारखान्यातून बायको त्या दिवशी लवकर सुटली होती. दार उघडून बघते तर पुढच्या खोलीत घोडा उभा, आणि नवरा त्याच्या दुसऱ्या पायरीवर चढलेला. महिनोन् महिने गॅलरीत झाकून ठेवलेला घोडा त्याने एकट्यानेच आत ओढून आणला होता.

घोडा म्हणजे रंगाऱ्यांची दोन्ही बाजूंनी उघडणारी लाकडी शिडी. तिच्या माथ्यावर एक पाय इकडे, एक पाय तिकडे टाकून उभं राहायचं. हाताच्या टप्प्यातली भिंत रंगवून झाली की खाली उतरायचं नाही. शिडी मांड्यांत आवळायची, कंबरेला हिसका द्यायचा आणि तिला तशीच पुढे चालवायची. दर वेळी उतरून शिडी सरकवणारा गडी मुकादमाला परवडत नाही. यात नवरा असा तरबेज की खोलीच्या या टोकाला चढला तर त्या टोकालाच उतरायचा. कामावर त्याला सगळे 'स्वार' म्हणत. खरं नाव फक्त बायकोला आणि वीजबिलाला माहीत.

एका शाळेच्या सभागृहात सांडलेल्या रंगावरून घोड्याचा एक पाय घसरला. घोडा फाकला, त्याच्याबरोबर स्वारही फाकला. डाव्या जांघेत कापड उसवावं तसं काहीतरी झालं. पण तो पडला नाही. घरी येऊन पहिली गोष्ट त्याने हीच सांगितली, "पडलो नाही हं मी."

बायकोने तेल गरम करून मांडी खसाखसा चोळली, वर शेक दिला. ताज्या दुखापतीला बर्फ लावून गप्प पडू द्यायचं असतं, चोळलं तर आतलं रक्त आणखी पसरतं, हे तिला फार उशिरा कळलं. पुढे मांडीच्या आतल्या अंगाने जांभळा डाग उतरत उतरत गुडघ्यापाशी आला. डॉक्टरांकडे गेल्यावर याने पँट गुडघ्याच्या वर जेमतेम सरकवली आणि म्हणाला, "इथे दुखतंय." डागही तिथेच दिसत होता. डॉक्टरांनी गुडघ्याचा पट्टा दिला. तो पट्टा त्याने इमानदारीने वापरला, आणि जांघ आतून ठणकत राहिली.

शेवटी मुलीनेच ओळखलं. "बाबा, तुम्ही बसमधून उतरताना दोन्ही पाय जोडून का उतरता? लाजऱ्या पाहुणीसारखे!" ती त्याला हाताला धरून फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे घेऊन गेली. बाईंनी त्याच्या दोन गुडघ्यांमध्ये आपली मूठ ठेवली. "दाबा." त्याने दाबलं आणि डोळ्यांत पाणी आलं.

"गुडघ्याला काही झालेलं नाही," बाई म्हणाल्या. "मांडी आत ओढणारा स्नायू फाटलाय."

मग गुडघ्यांत उशी धरून दाबायची, कुशीवर झोपून खालचा पाय उचलायचा, पुढे पायाला रबरी पट्टा अडकवून ताणायचं. "माझ्यापेक्षा उशीला जास्त जवळ करता," असं बायको म्हणायची, तेव्हा घरात हसणं होतं. बाईंनी बजावलं होतं, "सरळ चालता आलं म्हणजे बरे झालात असं समजू नका. डाव्या मांडीत उजवीइतका जोर येईपर्यंत शिडी बंद."

पण सरळ चालता आलं. जिना उतरता आला. स्वार कामावर गेला. दर वेळी खाली उतरेन, अशी शपथ बायकोने त्याच्याकडून घेतली होती, आणि सकाळभर तो उतरलाही. मग कुणीतरी ओरडलं, "काय स्वार, घोडं म्हातारं झालं का?" मुकादम हसला. स्वाराने मांड्या आवळल्या. या वेळी त्याला दोघांनी सिमेंटच्या पोत्यासारखं उचलून खाली आणलं.

आता स्नायू हाडापाशीच तुटला होता. "महिने जातील," बाई म्हणाल्या. "चालाल, फिराल. शिडीचा मात्र विचार सोडा." त्याने ऐकलं ते फक्त महिने जातील एवढंच. महिने गेले. आणि आज मेहुणा येणार होता. नव्या इमारतीत उद्यापासून छताचं काम निघालं होतं, भावोजींची जागा त्याने मुकादमाला सांगून धरून ठेवली होती. जमेल की नाही, ते आजच कळवायचं होतं.

मेहुणा आला तेव्हा ताई आणि भावोजी अजून भांडतच होते.

"ताई, ते खालचं काम करतील की. दारं, खिडक्या."

"खाली उकिडवं बसायचं कसं रे? परवा बादली उचलायला बसले, उठवायला मला यावं लागलं."

"मी करून दाखवतो," स्वार म्हणाला. "धर रे."

मेहुण्याने शिडी धरली. स्वार वर गेला, डावा पाय हाताने उचलून पलीकडे टाकला.

"चालवा," बायको म्हणाली. "एक वीत. मी परत तोंड उघडणार नाही."

मेहुणा बाजूला झाला. स्वाराने मांड्या आवळल्या, कंबर हलवली. घोड्याची उजवी बाजू उचलली गेली, पुढे पडली. डावी जागची हलली नाही. त्याने पुन्हा केलं. पुन्हा उजवीच. फारसं दुखतही नव्हतं. मांडी नुसती उत्तर देत नव्हती. तो करत राहिला, आणि घोडा जागच्या जागी वळत वळत शेवटी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मुलीने पुस्तकात डोकं खुपसलं.

"एक वीत तर आला की," मेहुणा पुटपुटला.

"वळला," बायको म्हणाली. "आला नाही."

तिने वर हात करून त्याचा डावा पाय दोन्ही हातांनी अलीकडे आणला, मग त्याला खांद्याचा आधार देऊन उतरवलं. तो खुर्चीत बसला. कपाळावर घाम होता, तो त्याने बाहीने पुसला. बायको पाणी आणायला वळली, तेवढ्यात तो मेहुण्याला म्हणाला,

"मुकादमाला सांग, दुसरा माणूस घे. घोडा तू घेऊन जा. रंगकाम मी सोडलं." मग बायकोला म्हणाला, "उद्याही डबा फक्त तुझाच भर. मी घरी जेवेन."